द्रव भरलेल्या फुफ्फुसात पीप किती ठेवायचा?

नाशिकमध्येच भूलशास्त्रात एमडी करणाऱ्या एका डॉक्टरांचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: “सर, पार्शियल लिक्विड व्हेंटिलेशनमध्ये परफ्लुब्रॉन स्वतःच वायुकोश उघडे धरून ठेवतं, म्हणून त्याला ‘लिक्विड पीप’ म्हणतात. मग व्हेंटिलेटरवरचा पीप पाचवर आणायला हरकत काय? पीक प्रेशर चाळिसाच्या वर गेलं तर घाबरायचं का? टायडल व्हॉल्यूम किती द्यायचा? आणि द्रव संपत आला की सेटिंग कशी बदलायची?”

नवख्या वाचकांसाठी आधी शब्द: पीप म्हणजे श्वास सुटल्यावरही व्हेंटिलेटर फुफ्फुसात टिकवून ठेवतो तो दाब. पीक प्रेशर म्हणजे श्वास देताना चढणारा सर्वाधिक दाब, आणि टायडल व्हॉल्यूम म्हणजे एका श्वासात दिलेली हवा. परफ्लुब्रॉन हे वायू विरघळवून घेणारं परफ्लुरोकार्बन जातीचं द्रव. ते फुफ्फुसात ओतून ठेवून वरून हवा देणं म्हणजे पार्शियल लिक्विड व्हेंटिलेशन. आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी सांगून टाकतो: पीप पाचवर आणायचा नाही. एरवीच्या गंभीर एआरडीएसमध्ये (फुफ्फुसं सुजून पाण्याने जड होतात त्या आजारात) ठेवला असता तेवढा, म्हणजे साधारण १२ ते १५ सेंमी पाणी, इथेही ठेवावा लागतो. ‘लिक्विड पीप’ हा शब्द खोटा नाही, पण तो फुफ्फुसाच्या खालच्या भागापुरताच खरा आहे. वरच्या भागाला द्रवाचा काही आधार नसतो. तिथे जो काही पीप पोचतो तो तुमच्या मशीनचाच. एवढं एक डोक्यात पक्कं बसलं की बाकीचे आकडे पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप सुचत जातात.

पुढे जाण्याआधी एक सूचना, आणि ती मी कळकळीने करतो आहे. ही पद्धत आज कुठल्याही आयसीयूत नेहमीच्या उपचारात नाही. फुफ्फुसात घालण्यासाठी मान्यता मिळालेला परफ्लुरोकार्बन बाजारात मिळत नाही. रेटिनाच्या शस्त्रक्रियेत आपले नेत्रतज्ज्ञ ‘हेवी लिक्विड’ वापरतात, तो याच कुटुंबातला पदार्थ आहे, त्यामुळे “तेच थोडं ट्यूबमधून सोडलं तर?” असा प्रश्न मला दोनदा विचारला गेलाय. डोळ्यासाठी बनवलेलं ते काही मिलिलिटर द्रव फुफ्फुसात घालायचं नाही, कुठल्याही परिस्थितीत नाही. हे उत्तर मी लिहितोय ते यासाठी की या विषयातून प्रेशरबद्दल जे शिकायला मिळतं, ते आपल्या रोजच्या एआरडीएसच्या पेशंटला लागू पडतं.

आता मुळापासून. परफ्लुरोकार्बनमध्ये वायू भरपूर विरघळतात. शरीराच्या तापमानाला, शुद्ध ऑक्सिजनच्या संपर्कात, १०० मिलि परफ्लुब्रॉनमध्ये सुमारे ५० मिलि ऑक्सिजन मावतो. रक्त १०० मिलिमागे २० मिलिच्या आसपास वाहून नेतं. कार्बन डायऑक्साइड तर २०० मिलिच्या वर विरघळतो. १९६६ मध्ये लेलँड क्लार्क आणि फ्रँक गोलान यांनी अशा द्रवात बुडवलेले उंदीर नेहमीच्या वातावरणीय दाबाला जिवंत राहतात हे दाखवलं. १९८९ मध्ये ग्रीनस्पॅन, वुल्फसन आणि शेफर यांच्या गटाने हा प्रयोग पहिल्यांदा माणसावर, वाचण्याची आशा न उरलेल्या अगदी कमी दिवसांच्या बाळांवर केला. बाळं वाचली नाहीत, पण त्यांची फुफ्फुसं द्रवाने मऊ पडली, हे दिसलं.

त्या पद्धतीत श्वासच द्रवाचा असतो. द्रव आत ढकलायचा, बाहेर ओढायचा, त्यासाठी वेगळं यंत्र लागतं. १९९१ मध्ये ब्रॅडली फर्मन यांच्या गटाने डुकराच्या पिल्लांवर सोपी वाट काढली: फुफ्फुसात द्रव एकदा ओतून ठेवायचा आणि वरून साध्या व्हेंटिलेटरने हवाच द्यायची. हेच पार्शियल लिक्विड व्हेंटिलेशन. परीक्षेत या दोन्हींची गल्लत होते, आणि तुमच्या प्रश्नातल्या गोंधळाचं मूळही थोडं तिथेच आहे. पूर्ण द्रव पद्धतीत फुफ्फुसात हवा नसतेच, त्यामुळे हवा आणि द्रव यांच्यातला पृष्ठभागही नसतो. पार्शियल पद्धतीत तो पृष्ठभाग असतो, प्रत्येक श्वासाला तो वर-खाली सरकतो, आणि सगळी डोकेदुखी त्या सरकण्यातून येते.

मी नव्वदच्या दशकाच्या शेवटी काही काळ परदेशात एका प्रयोगशाळेत मेंढ्यांवर हे काम केलं. ते द्रव दिसायला पाण्यासारखं, स्वच्छ, बिनवासाचं. पण बाटली उचलली की मनगट खाली जातं. परफ्लुब्रॉनची घनता १.९ च्या थोडी वर आहे. अर्धा लिटरची बाटली जवळजवळ एक किलो भरते. ट्यूबच्या बाजूच्या तोंडातून आम्ही ते सिरिंजने हळूहळू सोडायचो, व्हेंटिलेटर चालूच ठेवून. भरत आलं की पारदर्शक ट्यूबमध्ये द्रवाची कड दिसू लागायची. श्वास बाहेर येताना कड वर चढायची, आत जाताना खाली पळायची.

एका दिवशी आमच्यापैकी एकाने नेमकं तुमच्यासारखंच गणित केलं: द्रव आहेच, पीप कमी करून बघू. बारावरून पाचवर आणला. आठ-दहा श्वासांत ती कड ट्यूबच्या कनेक्टरपर्यंत आली. पीक प्रेशर पंचविशीतून चाळिसाच्या पुढे गेलं, अलार्म वाजू लागला, सॅच्युरेशन घसरायला लागलं. आम्ही घाईघाईने पीप परत बारावर नेला. पुढच्या मिनिटाभरात कड खाली सरकत दिसेनाशी झाली आणि पीक पूर्ववत झालं. एक थेंबही द्रव वाढवला नव्हता, काढला नव्हता. फक्त तो कुठे बसलाय हे बदललं होतं.

तेव्हा जे डोळ्यांनी पाहिलं त्याचा अर्थ असा. श्वास सुटताना पीप पुरेसा नसेल, तर वरच्या भागातले वायुकोश मिटतात, छाती बसते, आणि द्रव वायुकोशातून श्वासनलिकांमध्ये चढतो. पुढच्या श्वासाला व्हेंटिलेटरला आधी ते जड द्रव अरुंद नळ्यांतून मागे ढकलावं लागतं. त्यात प्रेशर खर्च होतं आणि हवा सगळीकडे सारखी जात नाही. जी नळी आधी मोकळी होते तिच्या मागच्या भागात सगळी घुसते. पुरेसा पीप असेल तर द्रव श्वासाच्या शेवटीसुद्धा वायुकोशातच राहतो आणि नळ्या हवेसाठी मोकळ्या राहतात. १९९८ मध्ये मेंढ्यांवरच्याच प्रसिद्ध झालेल्या कामातही पीपमुळे गॅस एक्स्चेंज आणि फुफ्फुसाचं मेकॅनिक्स दोन्ही सुधारल्याचं दिसलं. म्हणून पीप ठरवताना प्रेशर-व्हॉल्यूम वक्राच्या खालच्या वळणबिंदूच्या (ज्या दाबाला मिटलेले वायुकोश उघडू लागतात त्याच्या) थोडं वर राहायचं, हा नियम द्रव घातल्यावरही सुटत नाही.

आता ‘लिक्विड पीप’चं गणित करून बघू, कारण आकडा समोर आला की गोष्ट पटते. पेशंट उताणा आहे. फुफ्फुसात द्रवाची पातळी पाठीकडच्या टोकापासून १० सेंमी वर आली आहे असं धरा. जिथे द्रवाचा सलग स्तंभ आहे तिथे दर सेंमी खोलीला जवळपास १.९ सेंमी पाण्याएवढा दाब वाढतो. म्हणजे बुडाशी १९. मशीनवर पीप पाच असेल तर बुडाशी एकूण २४, द्रवाच्या पृष्ठभागाशी फक्त ५. मशीनवर पीप १३ ठेवला तर बुडाशी ३२, वर १३. स्क्रीनवर मात्र दर वेळी पीपचा एवढाच एक आकडा दिसतो, पाच किंवा १३, आणि तो फक्त हवेच्या बाजूचा असतो. पाठीकडचा भाग उघडा ठेवायचं काम द्रव करतोच, आणि एआरडीएसमध्ये मिटलेला भाग बहुतेक पाठीकडेच असतो, म्हणून ऑक्सिजन झटपट सुधारतो. तो सुधार बघून माणूस पीप कमी करायला जातो, आणि तेव्हाच छातीकडचा भाग हातातून निसटतो.

हे मी आयसीयूत शिकवताना विहिरीचं उदाहरण देत असे. त्याहून चांगलं उदाहरण मला दिंडोरीकडच्या एका द्राक्ष बागायतदाराने दिलं. कीटकनाशकाच्या विषबाधेत उलटी श्वासनलिकेत जाऊन त्यांच्या मुलाला एआरडीएस झाला होता. त्याला पालथं का घातलं, हे मी समजावत होतो. फुफ्फुसात पाणी झालंय, ते खाली साचतं, खालचा भाग दबतो, वगैरे. ते म्हणाले, “म्हणजे शेततळ्यासारखं ना डॉक्टर? तळं केवढंही रुंद असू दे, बुडाच्या कागदावर भार खोलीचाच येतो.” अगदी बरोबर. द्रवाचा दाब त्याच्या खोलीवर ठरतो, एकूण किती ओतलंय यावर नाही. म्हणूनच पेशंटची पोझिशन बदलली की द्रवाचा पीप बदलतो. डोकं ३० अंश वर केलं तर फुफ्फुसाचा तळ खाली जातो, स्तंभ उंच होतो, तळाशी दाब वाढतो आणि शेंड्याकडचा भाग कोरडा पडतो. कुशीवर वळवलं तर खालचं फुफ्फुस भरतं, वरचं रिकामं होतं. द्रव आत असताना पेशंट वळवला आणि प्लॅटो (श्वास आत धरून मोजलेला, वायुकोशांवरचा दाब) पुन्हा मोजला नाही, असं चालत नाही.

दुसरा प्रश्न पीक प्रेशरचा. द्रव घालताना आणि घातल्यावर लगेच पीक वाढणारच. तो आकडा नळ्यांतल्या द्रवाचा विरोध सांगतो. वायुकोशांवर किती ताण येतोय ते त्यातून कळत नाही. पीक वाढलं म्हणून हात लावण्याआधी इन्स्पिरेटरी होल्ड घ्या, म्हणजे श्वास आत भरून क्षणभर धरा. साध्या पेशंटला अर्ध्या सेकंदाचा होल्ड पुरतो, इथे दोन-तीन सेकंद थांबावं लागतं, कारण द्रव सरकून स्थिर व्हायला वेळ घेतं. पीक ४२ आणि प्लॅटो २७ असेल तर दुखणं नळ्यांत आहे: पीप अपुरा आहे, द्रव जास्त झालंय, किंवा कफाचा गोळा अडकलाय. पीक ४२ आणि प्लॅटो ३८ असेल तर फुफ्फुस ताणलंय. तेव्हा टायडल व्हॉल्यूम ताबडतोब कमी करायचा, द्रव घालत असाल तर थांबवायचं.

कफाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण पुस्तकात ते एका ओळीत उरकलेलं असतं. कफ, पस, मेलेल्या पेशींचा गाळ हे सगळं परफ्लुरोकार्बनपेक्षा हलकं असतं आणि त्यात मिसळत नाही. त्यामुळे ते तळातून सुटून वर तरंगत येतं. बारीक नळ्यांतला जुना गाळ असा आपोआप वर येणं हा या पद्धतीचा खरोखरचा फायदा आहे. पण तो येऊन थांबतो मोठ्या नळीत किंवा ट्यूबच्या टोकाशी, आणि पीक प्रेशर अचानक पन्नासला जातं. पहिल्या तासांत सक्शन वारंवार लागतं. ते बंद सक्शननेच करायचं. सर्किट उघडलं की पीप शून्यावर येतो, द्रव उसळून ट्यूबमध्ये येतं, आणि उघडा ठेवलेला वरचा भाग एका क्षणात मिटतो. मग तो पुन्हा उघडायला जास्त प्रेशर द्यावं लागतं. सर्किट कशासाठीही सोडवावं लागणार असेल तर आधी ट्यूब क्लॅम्प करायची, हा नियम कोविडच्या दिवसांत आपल्या सगळ्या सिस्टर आणि ब्रदरच्या हाताला बसला, इथेही तोच.

व्हॉल्यूम कंट्रोल (ठरलेली हवा देणं) की प्रेशर कंट्रोल (ठरलेला दाब देणं)? दोन्हीने करता येतं. प्रेशर कंट्रोलमध्ये नळीत द्रव चढलं की प्रेशर तेवढंच राहतं, पण टायडल व्हॉल्यूम गुपचूप निम्म्यावर येतो आणि कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये अलार्म वाजून बातमी लगेच कळते. म्हणून मी व्हॉल्यूम कंट्रोल पसंत करतो. रेट फार वाढवायचा नाही, २५ च्या आत, आणि श्वास सोडायला पुरता वेळ द्यायचा. एक्स्पिरेटरी होल्ड (श्वास सुटल्यावर क्षणभर थांबवणं) घेऊन अडकलेली हवा मोजायची, नाहीतर आपण ठेवलेल्या १३ चे प्रत्यक्षात १८ झालेले असतात.

टायडल व्हॉल्यूमचा प्रश्न माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि या पद्धतीचं भवितव्य जिथे अडलं ते ठिकाणही हेच असावं असं मला वाटतं.

साठ किलोच्या माणसाला किलोमागे २० मिलि द्रव घातलं तर १,२०० मिलि होतं, वजन सव्वादोन किलोच्या वर. छातीतली तेवढी जागा आता व्यापलेली आहे. त्यावर तुम्ही देता तो श्वास खाली द्रवात फार शिरत नाही, बराचसा वरच्या, मोकळ्या, छातीकडच्या भागात जातो. म्हणजे ५०० मिलि हवा अख्ख्या फुफ्फुसात वाटली जात नाही, ती लहानशा भागात कोंबली जाते. मशीन जो कॉम्प्लायन्स (फुफ्फुस किती सहज फुगतं ते) दाखवतं तो सुधारलेला दिसतो, कारण परफ्लुब्रॉनचा पृष्ठताण १८ डाइन प्रति सेंमीच्या आसपास आहे. सरफॅक्टंट (वायुकोश मिटू न देणारं त्यांचं नैसर्गिक अस्तर) बिघडलेल्या वायुकोशात पाण्यासारख्या द्रवाचा तो याच्या कितीतरी पट असतो. त्यामुळे तेवढ्याच प्रेशरला जास्त हवा जाते. आणि ती सुधारणा बघून टायडल व्हॉल्यूम वाढवण्याचा मोह होतो. तो टाळायचा. सुधारलेला कॉम्प्लायन्स प्रेशर कमी करायला वापरायचा, हवा वाढवायला नाही. श्वासाच्या शेवटी छातीत एकूण किती आहे, म्हणजे द्रव, पीपने धरलेली हवा आणि टायडल व्हॉल्यूम, या तिन्हींची बेरीज मनात ठेवायची. न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुस फुटून हवा छातीत शिरणं) त्या बेरजेतून होतो.

लहान मुलांत सुरुवातीचे निकाल खूप आशादायक होते. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सरफॅक्टंट देऊनही न सुधारलेल्या १३ अकाली बाळांना परफ्लुब्रॉन दिलं गेलं आणि ऑक्सिजन, कॉम्प्लायन्स दोन्ही तासाभरात सुधारले. मग प्रौढांवर मोठी चाचणी झाली, जी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली: एआरडीएसचे ३११ पेशंट, तीन गट. एका गटाला साधं व्हेंटिलेशन, एकाला किलोमागे १० मिलि द्रव, एकाला २० मिलि. तिन्ही गटांत पीप किमान १३, टायडल व्हॉल्यूम अपेक्षित (उंचीवरून काढलेल्या) वजनाच्या किलोमागे १० मिलिपर्यंत. २८ दिवसांतला मृत्युदर साध्या गटात १५ टक्के, कमी द्रवाच्या गटात २६.३, जास्त द्रवाच्या गटात १९.१. मृत्युदरातला हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. पण द्रव दिलेल्यांत न्यूमोथोरॅक्स, ऑक्सिजन घसरणं आणि बीपी पडणं जास्त झालं, आणि व्हेंटिलेटरशिवायचे दिवस कमी मिळाले. तिथे ही पद्धत थांबली.

या आकड्यांतून मी काय घेतो ते सांगतो. हे माझं मत आहे, तुम्ही ते तसंच तपासून घ्या. पीप तिथे योग्य होता. टायडल व्हॉल्यूमची मर्यादा, आजच्या नजरेने, सैल होती. किलोमागे ६ मिलिने मृत्यू कमी होतात हे ८६१ पेशंटच्या चाचणीतून २००० मध्ये कळलं, ३९.८ वरून ३१ टक्के. कोरड्या एआरडीएस फुफ्फुसाला १० मिलि जास्त असेल, तर अर्धं द्रवाने भरलेल्या फुफ्फुसाला ते आणखी जास्त होणार. कमी द्रवाच्या गटाची अवस्था सगळ्यात वाईट का दिसली, यावर मी खूप विचार केलाय. मला वाटतं, थोडं द्रव असताना खालचा भाग जड आणि वरचा भाग मोकळा असा दुभंग सगळ्यात तीव्र राहतो, आणि हवा सगळी एकाच बाजूला जाते. आज मला कुणी संशोधनासाठी सेटिंग करायला सांगितलं, तर किलोमागे ४ ते ६ मिलि, पीप १२ ते १४, प्लॅटो ३० च्या आत, प्लॅटो आणि पीप यांतला फरक १५ च्या आत, आणि द्रव अगदी सावकाश, दर टप्प्याला होल्ड घेऊन, असं करीन.

बीपी पडण्याचं कारणही दाबातच आहे. रक्ताची घनता १.०६, द्रवाची जवळपास दुप्पट. तळाशी द्रव केशवाहिन्यांना बाहेरून दाबतं, त्यामुळे रक्त वरच्या भागाकडे वळतं. वरचा भाग नीट हवेशीर असेल तर हे फायद्याचं ठरतं, हवा आणि रक्त एकाच ठिकाणी भेटतात. पण तोच वरचा भाग जास्त टायडल व्हॉल्यूमने ताणलेला असेल तर तिथल्याही वाहिन्या दबतात, आणि रक्ताला जायला कुठेच वाट उरत नाही. उजव्या हृदयावर भार येतो, बीपी कोसळतं. अशा वेळी सलाइनची बाटली लावण्याआधी प्लॅटो बघा.

एक छोटी गोष्ट खास आपल्या गावासाठी. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, इथे हवेचा दाब ७१० मिमी पाऱ्याच्या आसपास. वायुकोशातल्या ऑक्सिजनचं गणित करताना पुस्तकातले ७६० घेऊ नका. त्यातून पाण्याच्या वाफेचे ४७ वजा करतोच. परफ्लुब्रॉन असेल तर त्याच्या वाफेचे आणखी ११ वजा करायचे. उरतात ६५२. एफआयओटू (दिलेल्या हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण) ०.५ आणि कार्बन डायऑक्साइड ४० असताना वायुकोशातला ऑक्सिजन इथे २७६ च्या आसपास येतो, मुंबईच्या कोरड्या फुफ्फुसात तो ३०६ असता. फरक लहान आहे, पण पी-एफ रेशो (रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब भागिले एफआयओटू) काठावर असताना निर्णय बदलू शकतो. हीच जड वाफ फ्लो सेन्सरलाही गोंधळात टाकते, त्यामुळे बाहेर आलेल्या टायडल व्हॉल्यूमच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही. छाती किती उठते ते बघायचं, एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी) बघायचा.

आता रोजच्या कामासाठी यातलं काय? तुमच्या वॉर्डातल्या एआरडीएसच्या पेशंटचं फुफ्फुससुद्धा पाण्याने जड झालेलं स्पंजच आहे. तिथेही वरचा आणि खालचा दाब वेगळा, आणि स्क्रीनवरचा एक आकडा दोघांचंही खरं सांगत नाही. पालथं घालण्याचा फायदा याच दाबाच्या उतारातून येतो. २०१३ च्या ४६६ पेशंटच्या चाचणीत त्याने २८ दिवसांतला मृत्युदर ३२.८ वरून १६ टक्क्यांवर आला. आणि टायडल व्हॉल्यूम. मी राउंडला गेलो की अजूनही सरसकट ४५०-५०० लावलेलं दिसतं. टेप घ्या, उंची मोजा. १६५ सेंमी उंचीच्या पुरुषाचं अपेक्षित वजन साडेएकसष्ट किलो. सहाने गुणलं की ३७० मिलि. पेशंट नव्वद किलोचा असला तरी ३७०च. त्याचं फुफ्फुस पोटाबरोबर वाढलेलं नाही.

शेवटचा प्रश्न द्रव संपत आल्यावरचा. ते शरीरात नगण्य प्रमाणात शोषलं जातं. बाकीचं श्वासावाटे वाफ होऊन उडतं. म्हणून उपचार चालू असेपर्यंत भर घालत राहावी लागते, आणि थांबवायचं ठरलं की फक्त भर बंद करायची. द्रव वरून खाली आटत जातं. परफ्लुब्रॉनमध्ये ब्रोमीन असल्यामुळे एक्स-रेमध्ये ते पांढरंशुभ्र दिसतं, आणि आडव्या झोतात काढलेल्या बाजूच्या फिल्ममध्ये पातळी किती उतरली ते स्पष्ट कळतं. तिथेच सांभाळायचं असतं. पातळी उतरते तसे मधले वायुकोश एकामागून एक द्रवाचा आधार गमावतात आणि हवेच्या भरवशावर येतात. त्यांना धरायला त्या वेळी मशीनचा पीपच असतो. म्हणून द्रव उडत असताना पीप खाली आणायची घाई करायची नाही. आधी एफआयओटू ०.५ च्या खाली आणा, एक्स-रेवर बराचसा भाग मोकळा दिसू द्या, मग पीप दोन-दोनने कमी करा, दर वेळी काही तास थांबून प्लॅटो आणि एबीजी बघून. कमी केल्यावर प्लॅटोही तेवढाच खाली आला तर ठीक. प्लॅटो तिथेच राहिला किंवा सॅच्युरेशन घसरलं, तर काहीतरी मिटलंय. पीप मागे न्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करा.